पहाटे चारचा गजर छापलात, आता झोपेचंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी पंचवीस-सव्वीस वर्षं वाचतोय, आधी कराडला एसटी स्टँडवर विकत घेऊन आणि २००६ पासून इथे अमेरिकेत इंडियाना राज्यात इंटरनेटवर, म्हणून जरा हक्काने लिहितोय. मागच्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत इथल्या कॉलेज बास्केटबॉलच्या पोरांवर लेख आला होता, की सीझन संपला तरी ही पोरं पहाटे चारला उठून जिममध्ये जातात, रोज पाचशे बास्केट झाल्याशिवाय परत येत नाहीत, सुट्टी हा शब्दच त्यांना माहीत नाही वगैरे. लेख मनापासून लिहिलेला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर तिघांनी फॉरवर्ड केला आणि त्याखाली माझ्या भाच्याने लिहिलं, "मामा, मी पण उद्यापासून चारला". भाचा साताऱ्याला असतो, बारावी झाली, आता कॉलेजच्या टीममध्ये जायचंय, उंची सहा फूट एक, खेळाचं भयंकर वेड. तो मेसेज वाचला आणि मी त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं, कारण ह्या चारच्या गजरापायी आमच्या घरात काय झालं ते तुमच्या लेखात कुठेच नव्हतं.

इंडियानात बास्केटबॉल म्हणजे काय हे तिकडे बसून कळणार नाही. मक्याच्या शेतात लाकडी कोठारं असतात, त्यांच्या भिंतीवर रिंग ठोकलेली, शाळकरी पोरं बर्फ बाजूला ढकलून खेळतात. बास्केटबॉलचा मोठा खेळाडू लॅरी बर्ड इथलाच, फ्रेंच लिक नावाच्या छोट्या गावचा, १९७९ साली त्याने इंडियाना स्टेट ह्या आपल्या कॉलेजला कॉलेज स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेलं, समोर तसाच मोठा खेळाडू मॅजिक जॉन्सनची मिशिगन स्टेट होती, बर्डची टीम हरली, पण आमच्या शेजारचे म्हातारेबुवा ती मॅच अजून काल झाल्यासारखी सांगतात. अशा ठिकाणी आमचा मुलगा वाढला. तो एका छोट्या कॉलेजात डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन गटांतल्या सगळ्यात खालच्या गटात, खेळतो. ह्या लेव्हलला खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, फी आपली आपणच भरायची, पुढे एनबीए ही पैसेवाली लीग वगैरे तर सोडाच, म्हणजे ही पोरं खेळतात ती निव्वळ खेळ आवडतो म्हणून आणि टीममधली आपली जागा जाऊ नये म्हणून. हे मुद्दाम सांगतोय कारण लोकांना वाटतं की एवढी मेहनत म्हणजे त्यामागे पैसा असणार. इथे पैसा अजिबात नव्हता तरी पोरगं मोडेपर्यंत राबलं.

मॅचेस नोव्हेंबरला सुरू होतात, फेब्रुवारी-मार्चला संपतात, मग मे महिन्यात पोरं घरी येतात ती ऑगस्टपर्यंत. हा सगळा काळ म्हणजे ऑफ-सीझन. त्यांच्या टीमने एक गुगल शीट केलं होतं. रोज रात्री प्रत्येकाने भरायचं, आज किती बास्केट गेले, किती वजन उचललं, किती मैल पळाला. शीटवर सगळ्यात वर लिहिलेलं होतं की हे पूर्णपणे स्वेच्छेने आहे. पण बेरीज होऊन नावं आपोआप वरखाली व्हायची, वरची हिरवी आणि खालची लाल. कोचने कधी तोंडाने सांगितलं नाही की भरा, पण ते शीट कोचला दिसत होतं आणि कोचला दिसतंय हे पोरांना माहीत होतं. आमचा मुलगा जूनच्या शेवटी तिसऱ्या नंबरला होता. झोपायच्या आधी तो एकदा बघायचा, आणि खरं सांगतो, मी पण बघायचो, आणि मला फार भारी वाटायचं.

त्याचा गजर साडेचारचा. माझा त्याच्या आधी दहा मिनिटं. मी उठून अंडी उकडायला ठेवायचो, त्याची पाण्याची बाटली भरायचो, आणि गजर वाजून तो उठला नाही तर मीच जाऊन दार वाजवायचो. सकाळी दोन तास बॉल, मग दिवसभर एका गोडाउनमध्ये उभ्याने काम, फीला हातभार म्हणून, संध्याकाळी वेट्स, मग टेकडीवर पळणं, जेवण दहाला, झोप बाराला. हिशोब करा, साडेचार तास. वीस वर्षाच्या वाढत्या पोराला साडेचार तास झोप, आणि मी ह्याला मेहनत म्हणत होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी त्याची आई किचनमधून बघत होती, पोरगं जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतं, डावा पाय आधी, मग उजवा त्याच्याच पायरीवर, असं म्हातारी माणसं उतरतात तसं. ती म्हणाली अहो ह्याचा पाय दुखतोय. मी म्हणालो अगं दुखणारच, एवढं करतोय, दुखल्याशिवाय होतं का काही. हे माझं वाक्य मला आठवलं की अजून पोटात कालवतं. त्याने बुटाच्या आत टेप लावून आणखी सोळा दिवस काढले. शीटमध्ये एकही दिवस कोरा नाही.

शेवटी चालताच येईना तेव्हा डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, मग एमआरआय केला तेव्हा दिसलं, करंगळीच्या मागे पायाच्या बाहेरच्या कडेला जे लांब हाड असतं त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. बास्केटबॉलवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, २०१४ मध्ये एनबीएच्या केविन ड्युरँटचंही तेच हाड मोडलं होतं. त्या जागी रक्तपुरवठा कमी असतो म्हणून ते लवकर भरत नाही, स्क्रू घालावा लागला. पण त्या दिवशीचं मला जे लक्षात राहिलंय ते वेगळंच आहे. डॉक्टर बाईंनी पाय नंतर बघितला, आधी दोन प्रश्न विचारले. रात्री किती तास झोपतोस, आणि शेवटचा पूर्ण सुट्टीचा दिवस कधी घेतलास. पोराने फोन काढला आणि ते शीट उघडून मागे मागे जात मोजायला लागला. मोजून झाल्यावर म्हणाला त्रेपन्न. त्रेपन्न दिवसात एक दिवस सुट्टी नाही. आवाजात तेव्हाही थोडा अभिमान होता त्याच्या, आणि मी बाजूला स्टुलावर बसलेलो, मला मान वर करता येईना.

बाईंनी समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे, ते जिवंत असतं. उड्या मारल्या, पळालं, की त्यात बारीक बारीक झीज होते. शरीर तेवढा भाग खरवडून काढतं आणि तिथे नवीन हाड भरतं, आणि हे नवीन भरलेलं आधीपेक्षा मजबूत असतं, म्हणूनच तर मेहनतीने माणूस घट्ट होतो. पण खरवडायचं काम लवकर होतं आणि भरायचं काम सावकाश, त्याला आठवडे महिने लागतात, आणि ते होतं ते तुम्ही बसलेले असताना, झोपलेले असताना. आपल्याकडे रस्ता नव्याने करायला खणून ठेवतात आणि खडी-डांबर पडायच्या आतच त्यावरून उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चालू होतात, मग त्या रस्त्याचं जे होतं तेच माझ्या पोराच्या हाडाचं झालं. स्नायूंचंही तसंच, जिममध्ये ते फाटतात, वाढतात ते घरी. मेहनत आणि आराम ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच हो. आराम घेतला नाही तर केलेली मेहनत अंगी लागत नाही, फुकट जाते.

तुमच्या लेखात असं चित्र होतं की अमेरिकेत पोरांना कोणी थांबवतच नाही. तसं नाहीये. इथल्या कॉलेज खेळांची जी संस्था आहे एनसीएए, तिने १९९१ मध्येच वरच्या दोन डिव्हिजनसाठी नियम केला की सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर आणि दिवसाला ४ तासांच्या वर सराव घ्यायचा नाही आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. डिव्हिजन वनमध्ये ऑफ-सीझनला तर आठवड्याला फक्त ८ तास आणि दोन दिवस सुट्टी. २०१७ मध्ये मोठ्या पाच कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) कॉलेजांनी त्यात भर घातली, की सीझन संपल्यावर सात दिवस काहीही घ्यायचं नाही, आणि रात्री ९ ते सकाळी ६ च्या मध्ये सलग आठ तास पोरांना मोकळे ठेवायचे. म्हणजे तुम्ही ज्या पहाटे चारचं कौतुक छापलंत, त्या वेळी ह्यातल्या एखाद्या कॉलेजने सक्तीची प्रॅक्टिस ठेवली तर तो नियमभंग आहे. हे नियम कोणी आळशी माणसांनी केलेले नाहीत, खेळ चालवणाऱ्या लोकांनीच केलेत, पोरं मोडताना बघून.

पण पळवाट आहे, आणि ती म्हणजे तो एक शब्द, स्वेच्छेने. नियमात स्वेच्छेचा अर्थसुद्धा लिहिलाय की कोचने हजेरी मागायची नाही, आला नाही म्हणून शिक्षा नाही, आला म्हणून बक्षीस नाही. पण कोच न सांगताही पोरांना कळतं ना की कोणाला खेळवणार आणि कोणाला बाकावर बसवणार. २०१५ ला एनसीएएनेच सर्व्हे केला तेव्हा डिव्हिजन वनच्या पोरांनी सांगितलेले तास आठवड्याला तीसच्या वर होते, नियम २० चा असताना. आमच्या मुलाच्या टीमचं शीट हा त्याचाच छोटा नमुना. मी त्या कोचला वाईट माणूस म्हणणार नाही, त्याने ऑपरेशननंतर फोनही केला. पण त्या शीटमध्ये आरामाचा कॉलमच नव्हता. झोप लिहायला जागा नव्हती. ज्याची नोंद नाही ते पोरं करत नाहीत, एवढं साधं आहे हे.

आणि झोपेचं तर मोजून बघितलंय लोकांनी. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत कॉलेजच्याच ११ बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे सांगितलं की रात्री निदान दहा तास अंथरुणात राहायचं, बाकी प्रॅक्टिस नेहमीसारखी. २०११ मध्ये ते छापून आलं. कोर्टवरची जी धाव त्यांना आधी १६.२ सेकंद लागत होती ती १५.५ वर आली, आणि फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम) आणि थ्री पॉइंटर (लांबून टाकलेला तीन गुणांचा बॉल) दोन्हीचा नेम ९ टक्क्यांनी वाढला. माझा मुलगा अख्खा उन्हाळा पहाटे उठून फ्री थ्रो टाकत होता, रोज शंभर, आणि त्याचा नेम मे महिन्यात होता त्यापेक्षा जुलैत खाली आला होता, ते शीटमध्येच दिसत होतं, पण आम्ही बापलेक काय म्हणालो, की अजून जास्त टाकायला पाहिजेत.

जुन्या कोचबद्दल एक सांगतो, कारण तो माणूसही इंडियानाचाच, जॉन वुडन. यूसीएलए कॉलेजला त्यांनी १९६४ ते १९७५ मध्ये दहा वेळा चॅम्पियन केलं, सलग ८८ मॅचेस जिंकल्या त्यांच्या टीमने. त्यांच्या प्रॅक्टिस साधारण दोन तासाच्या. पण प्रत्येक मिनिटाला काय करायचं ते आधीच छोट्या कार्डावर लिहून आणायचे आणि वेळ संपली की संपली. आणि सीझनच्या पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचे, तर मोजे कसे घालायचे. टाचेला, बोटांजवळ सुरकुती राहू द्यायची नाही, हात फिरवून बघायचं, मग बूट, मग नाड्या घट्ट, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की पोरगं प्रॅक्टिसला नाही. पायाची एवढी काळजी घेणारा माणूस पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळा चॅम्पियन झाला.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी गावच्या तालमीत होते. ते सांगायचे, पहाटे जोर-बैठका, लढत, मग अंगाला माती, आंघोळ, खुराक, आणि दुपारी वस्ताद स्वतः तालमीचं दार ओढून घ्यायचे आणि पोरांना झोपवायचे. जो दुपारी गावात उंडारताना दिसला त्याला संध्याकाळी मातीत उतरू द्यायचे नाहीत, जा म्हणायचे घरी. म्हणजे झोपला नाही म्हणून शिक्षा. आण्णा असते तर त्यांनी माझा गजर पहिल्याच आठवड्यात बंद केला असता असं आई म्हणते. पोराच्या पायाला तो मोठा काळा बूट बघून व्हिडीओ कॉलवर तिने विचारलं होतं, "रात्रीचा झोपत व्हता का न्हाई नीट?" अमेरिकेतल्या स्पेशालिस्टने जे आधी विचारलं तेच कराड तालुक्यातल्या पंच्याहत्तर वर्षाच्या बाईने विचारलं, आणि घरात रोज त्याच्यासोबत उठणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं.

पाय मोडला तर निदान जुळतो. मे २०१८ मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीत जॉर्डन मॅक्नेअर नावाचा १९ वर्षाचा मुलगा, अमेरिकन फुटबॉलचा, ऑफ-सीझनच्या वर्कआउटमध्ये ११० यार्डाच्या दहा धावा करताना कोसळला. उष्माघात. त्याला वेळेवर थंड पाण्यात बुडवून ठेवलं नाही, आणि पंधरा दिवसांनी तो गेला. मॅच नव्हती, सीझन नव्हता, समोर कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. उलट जुलै २०२३ मध्ये ब्रॉनी जेम्स, एनबीएचा स्टार लेब्रॉन जेम्सचा मुलगा, यूएससी कॉलेजच्या प्रॅक्टिसमध्ये हृदय बंद पडून कोसळला, त्याला जन्मापासून हृदयाचा दोष होता, तो जास्त मेहनतीमुळे नव्हे, पण तिथे कळणारी माणसं हजर होती, लगेच उपचार झाले आणि डिसेंबरात तो पुन्हा खेळला. आता पहाटे चारला एकटं पोरगं चावी लावून जिम उघडतं तेव्हा तिथे कोण असतं? आमचा मुलगा एकटाच असायचा. मी त्याला गेटपाशी सोडून परत यायचो.

म्हणून मला तिकडची काळजी वाटते. पुण्यात डेक्कन जिमखाना, मुंबईत नागपाडा, नागपूर, सगळीकडे ह्या खेळाची पिढ्यान् पिढ्या वेडी माणसं आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपल्या की कॅम्प लागतात, ते बरेच ठिकाणी उघड्या सिमेंटच्या कोर्टवर. सिमेंट लाकडासारखं दबत नाही, प्रत्येक उडीचा दणका हाडालाच. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा पारा ४४-४५ ला असतो. तिथे एखाद्या सरांनी तुमचा लेख नोटीस बोर्डवर लावला असेल तर चांगल्या भावनेनेच लावला असेल, पण त्याच्या शेजारी हेही लावा एवढंच मागणं आहे. आठवड्याचे दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती सरांनी स्वतः सांगायची, पोरावर सोडायची नाही, कारण मेहनती पोरगं स्वतःहून सुट्टी कधीच मागत नाही, मागितली तर आपण कमी पडलो असं त्याला वाटतं. सकाळी आल्या आल्या किती झोपलास विचारा, आणि खरं उत्तर दिलं म्हणून ओरडू नका. एकाच जागी आठ-दहा दिवस दुखत असेल तर ते मेहनतीचं दुखणं नाही, डॉक्टरला दाखवा. आणि आईबापांना म्हणेन की तुमचं पोर जिना कसं उतरतंय ते बघा.

बाकी हा खेळ जन्मालाच आला तो ऑफ-सीझनसाठी. डिसेंबर १८९१ मध्ये नाइस्मिथ सरांनी स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला, कारण थंडीत अमेरिकन फुटबॉल संपलेला आणि बेसबॉल सुरू व्हायचं, मधल्या दिवसात पोरांना घरात खेळायला काहीतरी पाहिजे होतं. मुलाला हे मी प्लास्टरच्या दिवसात वाचून दाखवलं होतं, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला. मागचा सीझन त्याचा निम्मा बाकावर गेला. टीमच्या शीटमध्ये आता झोपेचा कॉलम आहे, तो त्यानेच कोचकडे जाऊन मागितला, आणि सुट्टीचा दिवस भरला नाही तर नाव खाली जातं.

ह्या उन्हाळ्याचं वेळापत्रक त्याने फ्रिजवर लावलंय. सगळं इंग्लिशमध्ये, फक्त बुधवार आणि रविवारच्या चौकोनात वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात "सुट्टी" लिहिलंय, आजीला फोटो पाठवायचा होता म्हणून. भाच्यालाही तोच फोटो पाठवलाय, आणि सांगितलंय की चारला उठायचं असेल तर आठला झोपायचं, नाहीतर सहाला उठ. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, म्हणून तुमच्या पेपरात हे छापून आलं तर बरं होईल, मामापेक्षा पेपरवर त्याचा जास्त विश्वास आहे. आज इथे बुधवार आहे, सकाळचे साडेआठ वाजलेत, मुलगा वर झोपलाय, मी चहा टाकलाय आणि भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून चिमटा फडक्यावर ठेवलाय.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ गाव कराड तालुका, सध्या इंडियाना, अमेरिका)